घरचे व्हीपीएन आणि आपली ई-मेल पेटी

(तालुक्याच्या ठिकाणी शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात अशी शंका आली असेल की, हा तर संगणक अभियंत्याने बोलावयाचा विषय. येथे मराठी वाङ्मय घेऊन पदवीधर झालेला माहिती अधिकारी कशाला उभा राहिला? शंका रास्त आहे. माझ्याजवळ या विषयातील पदवी नाही. मात्र या विषयात मी एकदा चांगलाच ठेचाळलो आहे आणि ठेच लागल्यानंतर पायाखालचा दगड कोणता होता हे शोधून काढण्यात बरेच दिवस घालविले आहेत. त्या शोधातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच हेतू.

मागच्या एका बैठकीत एका शिक्षिका भगिनीने मला विचारले होते, “साहेब, घरी व्हीपीएन सुरू केले की माझी ई-मेल उघडत नाही आणि बंद केले की मुलगा म्हणतो, घर असुरक्षित झाले. मी नेमके काय बंद करू?” त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आजचे बोलणे म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

पाकिटातील पाकीट

प्रथम व्हीपीएन म्हणजे काय ते पाहू. या तीन अक्षरांचा अर्थ आभासी खाजगी जाळे असा होतो. शब्द अवघड असला तरी कल्पना साधी आहे. समजा, आपण साताऱ्याहून मुंबईला एक पत्र पाठवीत आहोत. नेहमीच्या पद्धतीने ते साताऱ्याच्या टपाल कचेरीत पडेल आणि त्यावर साताऱ्याचा शिक्का उमटेल. आता आपण असे केले की, ते पत्र दुसऱ्या एका जाड, लाखेने बंद केलेल्या पाकिटात घातले आणि नाशिकच्या एका मध्यस्थाकडे पाठविले. मध्यस्थाने बाहेरचे पाकीट फोडले, आतले पत्र काढले आणि नाशिकच्या टपालात टाकले. साताऱ्याच्या पोस्टमनला एवढेच कळले की, नाशिकला काहीतरी गेले. मुंबईच्या माणसाला मात्र शिक्का दिसला तो नाशिकचा.

व्हीपीएन नेमके हेच करते. आपल्या घरून निघणारी सर्व माहिती ते कुलूपबंद करून दूरच्या एका संगणकाकडे नेते आणि तेथून ती पुढे जगात सोडते. आपल्याला इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला आतले काही वाचता येत नाही, आणि पलीकडच्या संकेतस्थळाला आपला खरा पत्ता दिसत नाही. दिसतो तो त्या दूरच्या संगणकाचा. या पत्त्याला आयपी पत्ता म्हणतात आणि आजच्या व्याख्यानाचे सगळे मर्म या शिक्क्यात आहे.

मुळात ही सोय कोणापासून लपण्यासाठी निघालेली नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, कचेरीबाहेर असलेल्या कर्मचाऱ्याला कचेरीच्या संगणकजाळ्यात सुरक्षितपणे येता यावे, म्हणून तिची रचना झाली. आजही आपली मुले घरून एखाद्या कंपनीचे काम करतात तेव्हा कंपनी त्यांना जे व्हीपीएन देते ते याच जातीचे. घरोघरी विकले जाणारे, जाहिरातींतून भेटणारे व्हीपीएन हा तिचा नंतरचा अवतार होय. दोहोंचे नाव एक असल्यामुळे घोटाळा होतो.

पहारेकऱ्याचा संशय

आता ई-मेलकडे वळू. आपल्या ई-मेल खात्याच्या दाराशी एक पहारेकरी बसलेला असतो. पासवर्ड बरोबर आहे की नाही, एवढेच पाहून तो थांबत नाही. पासवर्ड चोरीला जातात हे त्याला ठाऊक आहे. म्हणून येणारा माणूस कोणत्या यंत्रावरून आला, कोणत्या ब्राऊझरमधून आला, कोणत्या गावाकडून आला आणि मागच्या वेळी कोठून आला होता, याचीही तो नोंद ठेवतो. आपल्या गावातील बँकेचा जुना रोखपाल सही पाहण्याआधी चेहरा पाहतो ना, तसेच हे. वर्षानुवर्षे आपण एकाच घरातून, एकाच फोनवरून येत असल्यामुळे आपली चाल पहारेकऱ्याच्या ओळखीची झालेली असते.

अशा वेळी सकाळी दहाला आपण साताऱ्याहून आलो आणि दहा वाजून पाच मिनिटांनी नेदरलँड्सहून आलो, तर त्याने काय समजावे? पाच मिनिटांत कोणी युरोपात पोहोचत नाही. त्याच्या दृष्टीने याचा सरळ अर्थ असा की, दोघांपैकी एक चोर आहे. मग तो दार लावून घेतो, जास्तीचा पुरावा मागतो, किंवा काही काळ खाते गोठवितो. आपल्याला राग येतो; पण तो आपलेच घर राखीत असतो.

येथे कोणी विचारील की, व्हीपीएन नसतानाही आपला शिक्का बदलतोच की! हे खरे आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण सुमारे ४३० कोटीच आहेत आणि जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेली आहे. त्यामुळे मोबाईल कंपन्या एकेका पत्त्यावर अनेक ग्राहकांना बसवितात आणि साताऱ्यात बसलेल्या माणसावर कित्येकदा मुंबईचा किंवा पुण्याचा शिक्का पडतो. पण त्याच कंपनीचा, त्याच देशातील, जवळपासचा शिक्का पहारेकऱ्याच्या परिचयाचा असतो. व्हीपीएनच्या शिक्क्याचे तसे नाही. त्या एका पत्त्यावरून एकाच वेळी शेकडो अनोळखी माणसे बाहेर पडत असतात, आणि त्यांत चार-दोन उपद्रवी निघाले तर तो पत्ताच बदनाम होतो. मग आपण कितीही सज्जन असलो तरी संगतीचा दोष लागतो. व्हीपीएन लावल्यावर ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असे सांगून बस आणि रस्त्यावरचे दिवे मोजावयास लावणारी चित्रे वारंवार दिसतात, त्याचे कारण हेच.

माझी फजिती

मी ठेचाळलो तो प्रसंग येथे सांगतो. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ते हट्टाने ई-मेल लिहावयास शिकले आणि पुढे आठ वर्षे दर रविवारी मला पत्र पाठवीत राहिले. पाऊस किती झाला, विहिरीला पाणी कोठवर आले, शाळेसमोरचे चिंचेचे झाड तोडू द्यावयाचे की नाही, अशी ती पत्रे. ते गेले त्यानंतर वर्षश्राद्धाच्या दिवशी निवडक पत्रे छापून नातेवाईकांना द्यावीत असे आम्ही ठरविले. पत्रे सर्व माझ्या एका जुन्या ई-मेल खात्यात होती. दुसरीकडे कोठेही नव्हती.

त्या दिवाळीत अभियांत्रिकीला असलेला माझा पुतण्या सुट्टीत घरी आला होता. त्याने मोठ्या आपुलकीने आमच्या घरच्या राऊटरवरच व्हीपीएन बसविले आणि म्हणाला, “काका, आता सगळे घर सुरक्षित.” राऊटरवर बसविले म्हणजे काय, तर घरातील प्रत्येक फोन, संगणक आणि दूरदर्शन संच त्याच वाटेने बाहेर पडू लागला. मला याची फारशी कल्पना नव्हती. तो परत गेल्यानंतर एका रात्री पत्रे काढून घ्यावीत म्हणून मी घरच्या संगणकावरून त्या खात्यात नव्याने प्रवेश करू लागलो. तत्क्षणी हातातील फोनवर प्रश्न आला: नेदरलँड्समधून कोणीतरी आपल्या खात्यात येत आहे, ते आपणच का?

मी दचकलो. नेदरलँड्सशी माझा काय संबंध? मी तत्परतेने ‘नाही, मी नव्हे’ असे कळविले. म्हणजे, मंडळी, मीच माझी ओळख नाकारली. पहारेकऱ्याने मला लगेच पासवर्ड बदलावयास लावला. घाईत मी काहीतरी नवा पासवर्ड दिला आणि सकाळी तो आठवेना. मग ओळख पटविण्यासाठी त्याने सांकेतिक अंक पाठविले ते माझ्या जुन्या मोबाईल क्रमांकावर, जो मी काही वर्षांपूर्वीच सोडून दिला होता. आपल्या देशात बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. तेव्हा माझ्या खात्याची किल्ली कोणा अपरिचिताच्या खिशात वाजत असली पाहिजे.

पुढे मी जे केले ते आणखी चुकीचे होते. कचेरीतून प्रयत्न केला, मित्राच्या फोनवरून केला, दौऱ्यावर असताना लॉजच्या वायफायवरून केला. प्रत्येक नव्या ठिकाणाहून केलेला प्रयत्न हा पहारेकऱ्याच्या मते चोराचा नवा प्रयत्न होता. अखेर त्याने ‘खाते आपलेच आहे याची खात्री पटत नाही’ एवढेच उत्तर देण्यास सुरुवात केली. वर्षश्राद्ध जवळ येत होते. पत्नी काही बोलत नव्हती, आणि ते मला अधिक लागत होते.

शेवटी पुतण्याने फोनवरून सांगून राऊटरवरील व्हीपीएन काढावयास लावले आणि बजावले की, आता काही दिवस खात्याला हातच लावू नका. पाच दिवस थांबलो. नंतर घरात, त्याच जुन्या संगणकावर, त्याच ब्राऊझरमधून, नेहमीच्या जोडणीवरून प्रयत्न केला. या वेळी पहारेकऱ्याने पत्नीच्या ई-मेल पत्त्यावर अंक पाठविण्याची तयारी दाखविली. तो पत्ता मी कधीकाळी पर्यायी म्हणून नोंदविला होता आणि विसरून गेलो होतो. अकराव्या दिवशी खाते उघडले. पत्रे आम्ही वर्षश्राद्धाला छापू शकलो नाही. ती नंतर छापली.

आधी काय करावे

यातून मी जे शिकलो ते क्रमाने नव्हे, पण महत्त्वाप्रमाणे सांगतो. व्हीपीएन बसविण्याच्या आधी, ते बंद असताना, ई-मेल खात्यातील सुरक्षेचे पान उघडावे आणि तेथे नोंदविलेला मोबाईल क्रमांक आज आपल्याच खिशात आहे ना हे पाहावे. पर्यायी ई-मेल पत्ता घरातील विश्वासू माणसाचा असावा आणि तो जिवंत खाते असावे. शाळेत असताना उघडलेले आणि कधीच न पाहिलेले खाते पर्यायी म्हणून देणे म्हणजे न देण्यासारखेच.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. बहुतेक मोठ्या सेवा दुहेरी पडताळणी सुरू केल्यावर राखीव सांकेतिक अंक देतात. गूगलच्या खात्यात असे १० अंकसमूह मिळतात, प्रत्येक आठ आकडी आणि प्रत्येक एकदाच चालणारा. हे कागदावर लिहून किंवा छापून, घराच्या खरेदीखताबरोबर कपाटात ठेवावेत. फोन हरवला, क्रमांक बदलला, शिक्का कोणत्याही देशाचा पडला, तरी हा कागद दार उघडतो. संगणकाच्या विषयात कागदाची शिफारस करताना काही तरुण हसतात. त्यांना हसू द्यावे. मात्र हे अंक फोनमध्ये छायाचित्र काढून ठेवू नयेत, कारण फोन गेला की तेही जातात.

तसेच, दुहेरी पडताळणीचे अंक केवळ एसएमएसने मागविण्याऐवजी ते तयार करणारे ॲप फोनमध्ये घ्यावे. ते दर ३० सेकंदांनी नवे अंक दाखविते, त्याला सिमकार्ड लागत नाही, इंटरनेटही लागत नाही, म्हणून व्हीपीएनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. फक्त फोनचे घड्याळ बरोबर असावे लागते.

आता व्हीपीएनची मांडणी. ते राऊटरवर न बसविता ज्या यंत्राला हवे त्यावरच बसवावे, हे माझे अनुभवाचे मत आहे. राऊटरवर बसविले की घरातील एका माणसाचा निर्णय सर्वांच्या माथी येतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांना आपली वाट बदलली आहे याचा पत्ताही नसतो.

त्यानंतर शिक्का निवडण्याचा प्रश्न येतो. व्हीपीएन सुरू करताना देश निवडता येतो. ई-मेल वापरणाराने भारतच निवडावा आणि मग तो बदलू नये. आज जपान, उद्या अमेरिका, परवा आणखी काही, ही हौस पहारेकऱ्याला परवडत नाही. एकच शिक्का सतत पडत राहिला तर तो काही दिवसांत त्याचीही ओळख करून घेतो. येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. भारताच्या संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी काही निर्देश काढले. त्यांनुसार व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते इत्यादी माहिती ५ वर्षे जपून ठेवावयाची आहे. ते लागू होण्याच्या सुमारास नॉर्डव्हीपीएन, एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क यांसारख्या परदेशी कंपन्यांनी आपले भारतातील संगणक काढून नेले. त्यामुळे ‘भारत’ असे नाव निवडले तरी तो संगणक प्रत्यक्षात सिंगापूरसारख्या ठिकाणी असू शकतो. पत्ता मात्र भारताचा म्हणून नोंदलेला असतो. ई-मेलच्या कामापुरते हे चालते.

आणखी एक सोय बहुतेक व्हीपीएनमध्ये असते आणि तिच्याकडे सहसा कोणी वळत नाही. कोणते ॲप व्हीपीएनच्या वाटेने जावे आणि कोणते नेहमीच्या वाटेने जावे, हे आपल्याला ठरविता येते. एसटीने गावाला जाताना सामान मालमोटारीने पाठवावे आणि दागिन्यांची पिशवी स्वतःजवळ ठेवावी, तसे. ई-मेलचे ॲप, बँकेचे ॲप आणि शासकीय सेवांची ॲप्स नेहमीच्या वाटेवर ठेवावीत, बाकीचे हवे तर व्हीपीएनमधून जाऊ द्यावे. अँड्रॉइड फोनवर आणि विंडोजच्या संगणकावर ही सोय बहुधा मिळते. आयफोनवर सहसा मिळत नाही. जे ई-मेल ब्राऊझरमधून पाहतात त्यांनी दोन ब्राऊझर ठेवावेत, एक केवळ ई-मेलसाठी आणि तो व्हीपीएनच्या बाहेर. त्या शिक्षिका भगिनीच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे: काहीच बंद करू नका, वाटा वेगळ्या करा.

संगणकावर थंडरबर्ड किंवा आउटलुक यांसारख्या कार्यक्रमातून ई-मेल वापरणाऱ्यांना वेगळी अडचण येते. पत्रे येतात, पण जात नाहीत. याचे कारण पुष्कळदा असे असते की, पत्र पाठविण्यासाठी जुन्या काळचा २५ क्रमांकाचा दरवाजा नोंदविलेला असतो आणि अनाहूत जाहिरातपत्रांना आळा घालण्यासाठी व्हीपीएनवाले तो बंद ठेवतात. तेथे ५८७ किंवा ४६५ हा क्रमांक घातला की काम होते. जुन्या कार्यक्रमात नुसता पासवर्ड देऊन खाते जोडणे गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी बंद केले आहे. तेव्हा बिघाडाचा दोष दर वेळी व्हीपीएनवर टाकू नये. आणि व्हीपीएन तुटले की सारे इंटरनेट थांबवावे, अशी एक कळ त्यात असते. ती चालू असेल तर कधीकधी ई-मेलच काय, काहीच उघडत नाही. खाते मात्र जागच्या जागी असते.

पण व्हीपीएन हवेच कशाला?

हा प्रश्न खरे तर आधी विचारावयास हवा होता. केवळ ई-मेल सुरक्षित राहावी म्हणून घरी व्हीपीएन घ्यावे का? माझे मत, नाही. २०१० च्या सुमारापर्यंत उघड्या वायफायवर दुसऱ्याच्या खात्यात डोकावणे फार सोपे होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात फायरशीप नावाचे एक साधन प्रसिद्ध झाले आणि शेजारच्या टेबलावरील माणसाच्या खात्यात किती सहज शिरता येते हे त्याने जगाला दाखवून दिले. परंतु जीमेलने त्याच वर्षीच्या जानेवारीपासून सर्वांसाठी कुलूपबंद जोडणी नेहमीची केली होती आणि पुढे इतर मोठ्या सेवाही त्या मार्गाने गेल्या. आज आपल्या घरापासून ई-मेल सेवेपर्यंतचा मजकूर व्हीपीएनशिवायही कुलूपबंदच जातो. जाहिराती मात्र अजून २०१० सालीच वावरत आहेत.

व्हीपीएनने इंटरनेट कंपनीपासून आपण कोठे कोठे जातो हे लपते, हे खरे. पण ते लपून जाते कोठे? व्हीपीएनवाल्याकडे. नाशिकच्या मध्यस्थावर आपला विश्वास हवा. फुकट मिळणाऱ्या व्हीपीएनच्या बाबतीत तर फारच हवा. फेसबुकने २०१३ साली ओनावो नावाची कंपनी विकत घेतली. तिचे फुकट व्हीपीएन ‘माहितीचे रक्षण’ करणारे म्हणून लोकांना दिले गेले आणि लोक कोणती ॲप्स किती वेळ वापरतात ही माहिती त्यातून कंपनीने स्वतःच्या व्यवसायासाठी गोळा केली. २०१८ साली ते ॲपलच्या दुकानातून काढावे लागले, २०१९ साली बंद झाले आणि जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. होला नावाच्या आणखी एका फुकट सेवेबाबत २०१५ मध्ये असे उघड झाले की, तिच्या ग्राहकांच्या घरच्या जोडण्या दुसऱ्यांना वापरावयास विकल्या जात होत्या. म्हणजे आपल्या घराचा शिक्का भलत्याच माणसाच्या पत्रावर! असे झाले की आपल्या घरचा पत्ताही बदनाम होऊ शकतो.

तरीही प्रवासात, रेल्वे स्थानकावर किंवा लॉजच्या वायफायवर काही जणांना व्हीपीएनचा आधार वाटतो, आणि त्यात गैर काही नाही. व्हीपीएन वापरणे आपल्या देशात सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. मात्र जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी २०२५ मध्ये त्यावर काही काळ बंदीचे आदेश काढले होते. तिकडे जाणाऱ्यांनी त्या त्या वेळचे आदेश पाहून घ्यावेत.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. व्हीपीएन वापरू लागल्यावर ‘नव्या ठिकाणाहून प्रवेश झाला’ अशी सूचना वारंवार येते. पहिल्या वेळी आपण दचकतो, दहाव्या वेळी न वाचताच ‘होय, मीच’ म्हणतो. मी दचकून ‘नाही’ म्हटले त्याचे मोल अकरा दिवस होते. सवयीने ‘होय’ म्हणणाऱ्याला खातेच गमवावे लागेल, कारण एखाद्या दिवशी ती सूचना खरोखरच्या चोराची असेल. ई-मेल गेली की तिच्यावर अवलंबून असलेले बँकेचे, आयकराचे, भविष्य निर्वाह निधीचे पासवर्डही बदलून घेता येतात. म्हणून सूचनेत देश आणि वेळ वाचावी, या क्षणी आपले व्हीपीएन कोठे जोडलेले आहे ते पाहावे आणि मगच बोट उचलावे. काही जण या सूचनांचा त्रास नको म्हणून दुहेरी पडताळणीच बंद करून टाकतात. कुत्रा भुंकतो म्हणून त्याला रानात सोडून येण्यासारखेच हे होय.

कचेरीच्या ई-मेलविषयी

शासकीय कर्मचाऱ्यांसाठी दोन शब्द वेगळे. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने जून २०२२ मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत बाहेरच्या कंपन्यांची व्हीपीएन वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले. तेव्हा कचेरीच्या संगणकावर असे व्हीपीएन बसवूच नये, आणि घरी बसून कचेरीची ई-मेल पाहावयाची असेल तर आपले खाजगी व्हीपीएन आधी बंद करावे. कचेरीने स्वतः दिलेले व्हीपीएन ही निराळी बाब आहे. ते आपल्याला कचेरीच्या आत नेण्यासाठी असते. एकावर एक दोन व्हीपीएन चालविण्याचा खटाटोप करू नये, दोन्ही बिघडतात. ग्रामपंचायतीच्या बाबतीत मी पाहिले आहे की, पंचायतीची ई-मेल एखाद्याच्या खाजगी मोबाईल क्रमांकाशी बांधलेली असते आणि त्या अधिकाऱ्याची बदली झाली की खाते त्याच्याबरोबर जाते. त्यात नव्या माणसाने घरच्या व्हीपीएनवरून प्रवेश केला तर ओळख पटविणारे कोणीच उरत नाही. कार्यभार देताना दप्तराच्या यादीत हा क्रमांक, पर्यायी पत्ता आणि राखीव अंकांचा कागद यांचीही नोंद घ्यावी.

दार लागलेच तर

इतके करूनही दार लागले तर घाई करू नये. व्हीपीएन बंद करावे. एकामागून एक पासवर्ड घालीत बसू नये. थोडे दिवस जाऊ द्यावेत आणि मग नेहमीच्या घरातून, नेहमीच्या यंत्रावरून, शांतपणे खाते परत मिळविण्याचे पान उघडावे. जुना पासवर्ड आठवत असेल तो द्यावा. इंटरनेटवर ‘ई-मेल मदत केंद्र’ म्हणून शोधल्यावर जे दूरध्वनी क्रमांक दिसतात त्यांवर मात्र चुकूनही फोन करू नये. त्यांत भामट्यांचे क्रमांक मिसळलेले असतात. पासवर्ड किंवा ओटीपी फोनवर मागणारा माणूस ई-मेल सेवेचा नसतो. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच कळवावे.

आता चहाला अजून पंधरा मिनिटे आहेत. ज्यांनी फोन आणले आहेत त्यांनी आपल्या ई-मेल खात्यातील सुरक्षेचे पान उघडावे. ज्यांचा नोंदविलेला क्रमांक जुना निघेल त्यांनी हात वर करावा. मी आणि येथील संगणक शिक्षक आपल्याजवळ येतो. तो येथेच बदलून घेऊ.